सहावे कार्ड

माझ्याकडे पाहून कोणी दचकले, तर मला आता वाईट वाटत नाही. मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. माझी एक कड काळी पडली आहे. तिथले प्लास्टिक मेणासारखे ओघळले आणि तसेच गोठून राहिले. माझा एक पंखा फिरत नाही. तरीही मला कोणी कचऱ्यात टाकलेले नाही. सिंगापूरमधल्या बेडोक भागातल्या एका घरात, दिवाणखान्यातल्या उघड्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेन असे मला ठेवले आहे. असे का, ते आज सांगतो.

संगणकाच्या पडद्यावर तुम्ही जी चित्रे पाहता, ती रंगवण्याचे काम आम्हा कार्डांचे. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका पट्टीवर बारीक बारीक भाग बसवले गेले, खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग आली, वर दोन पंखे चढले. मग मला एका पडद्याला जोडून पाहिले. त्या पडद्यावर मी पहिल्यांदा लाल, हिरवा आणि निळा रंग उमटवला. तो क्षण मला अजून आठवतो. आपण कशासाठी जन्मलो हे ज्याला पहिल्याच दिवशी कळते, तो भाग्यवान, असे मला वाटले.

माझी पहिली मालकीण अनघा. ती मूळची पुण्याची, आणि मरीन परेडला समुद्राजवळच्या एका फ्लॅटमध्ये राहायची. शाळांमधल्या विज्ञानाच्या धड्यांसाठी ती हलती चित्रे बनवायची. बी कसे रुजते, हृदय कसे धडधडते, भरती कशी येते, हे तिने माझ्याकडून किती वेळा रंगवून घेतले असेल! एखादे अवघड दृश्य मी न अडखळता दाखवले, की ती संगणकाच्या पेटीवर हलकेच थाप मारायची आणि म्हणायची, "शाब्बास." महिन्यातून एकदा ती माझ्या पंख्यांवरची धूळ रंगाच्या मऊ कुंचल्याने झाडायची. माझे ते दिवस सुखाचे होते.

मग दोन हजार सतराचे साल आले. अनघाला तिच्या कंपनीने नवा संगणक दिला आणि तिने मला विकायचे ठरवले. सिंगापूरमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने माझा फोटो टाकला. चहा उकळेपर्यंत तिचा फोन वाजू लागला, आणि मग तो थांबेचना. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जास्त किंमत देऊ करत होता. आपण नवे कोरे विकत घेतले त्याहून जास्त पैसे वापरलेल्या कार्डाला कोण का देईल, हे तिला कळेना. 

संध्याकाळी प्रबोध आला. तो चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या संगणक विभागात काम करायचा. त्याने मला उलटसुलट करून पाहिले, पंखे बोटाने फिरवले, आणि समाधानाने मान हलवली.

"तुम्ही पण ॲनिमेशन करता?" अनघाने विचारले.

"नाही नाही. मायनिंगसाठी हवंय."

"मॉनिटर केवढा आहे तुमचा?"

"याला मॉनिटर लावायचाच नाही," प्रबोध म्हणाला. "याने फक्त गणितं करायची."

अनघाने माझ्याकडे पाहिले, आणि मीही सुन्न झालो. पडदा नाही? मग मी रंग कोणाला दाखवायचे? डोळे असलेल्याला कोणी आयुष्यभर डोळे मिटून बसायला सांगावे, तसे मला झाले.

तुम्हाला मायनिंग म्हणजे काय ते सांगायला हवे. तेव्हा जगभर संगणकावरच्या नाण्यांचे वेड लागले होते. ही नाणी हातात घेता येत नाहीत, ती संगणकातच असतात. त्यांच्या व्यवहारांची खातरजमा करायला फार अवघड गणिते सोडवावी लागतात. जो आपले यंत्र त्या कामाला लावतो, त्याला बदल्यात नाण्याचा छोटासा वाटा मिळतो. चित्र काढताना आम्ही लाखो ठिपक्यांचा हिशेब एका दमात करतो. तीच आमची खुबी या गणितांना उपयोगी पडते. म्हणून त्या वर्षी जो तो आमच्या मागे लागला होता.

बसमध्ये प्रबोधच्या मांडीवर बसून मी बेडोकला आलो. तिथल्या नव्या इमारतींतल्या घरांत एक छोटी, जाड भिंतींची, पोलादी दाराची खोली असते. युद्ध झाले, बॉम्ब पडले, तर आसरा घ्यायला बांधलेली. एरवी सगळे जण तिथे पंखे, बॅगा, तांदळाच्या गोण्या ठेवतात. प्रबोधच्या घरात त्या खोलीत माझ्याआधीची पाच कार्डे राबत होती.

प्रबोधची मांडणी पाहून मला त्याचे कौतुक वाटले, हे मी लपवणार नाही. थोड्या पैशांत हे सारे उभे करायचे म्हणून त्याने प्रत्येक वस्तू विचार करून निवडली होती. सर्वांत ताकदवान कार्डे त्याने घेतली नाहीत, कारण ती वीज फार खातात. त्याने मधल्या ताकदीची निवडली आणि त्यांचा वेग थोडा उतरवला, म्हणजे काम जवळजवळ तेवढेच होई आणि बिल कमी येई. मदरबोर्ड मात्र पुष्कळ कार्डे लावता येतील असा घेतला. प्रोसेसरला यात फारसे काम नसते, म्हणून तो सगळ्यांत साधा. पेटी तर घेतलीच नाही. घर बदलून जाणाऱ्या कोणाचा तरी लाकडी चपलांचा रॅक त्याने आणला होता, आणि त्याच्या फळ्यांवर आम्ही ओळीने टांगलेलो असायचो. वीजपुरवठ्याचा डबा चांगल्यातला होता. तो त्याने पाच कार्डांचा हिशेब मांडून, वर थोडी सवड ठेवून घेतला होता.

पाच कार्डांचा. सहावा मी होतो.

मदरबोर्डवर एक जागा रिकामी होती आणि ती प्रबोधच्या डोळ्यांत खुपू लागली होती. त्याच्या ऑफिसातला मित्र दर्शन रोज जेवताना नाण्याचा भाव किती चढला ते सांगायचा. रिकामी जागा म्हणजे रोजचे नुकसान, असे प्रबोधला वाटू लागले. म्हणून मी आलो. पण मला वीज देणारी तार त्या डब्यात उरलीच नव्हती. मोठा डबा घ्यायचा, तर माझी कित्येक आठवड्यांची कमाई त्यातच गेली असती.

मग प्रबोधने एक जोडतुकडा आणला. हार्ड डिस्कला वीज देणारी बारीक पिन त्याच्या एका टोकाला आणि माझ्या सॉकेटात बसणारी जाड पिन दुसऱ्या टोकाला. त्याची किंमत हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे स्वस्त खाण्याच्या बाजारातल्या, चिकन राइसच्या एका ताटाएवढी. ज्या वाटेने एका माणसाने जायचे, त्या वाटेने मिरवणूक न्यावी, तसा तो प्रकार होता. प्रबोधला हे ठाऊक नव्हते असे नाही. पूर्वी दर्शनने मायनिंग सुरू करायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा त्यानेच त्याला फोनवर बजावले होते, की काही कर, पण असले तुकडे लावू नकोस.

त्याची बायको उल्का दारात उभी राहून पाहत होती. ती शहरात एका जहाज कंपनीच्या कार्यालयात कामाला होती आणि नुकतीच घरी आली होती.

"आणखी एक? पुरेल का वीज?" तिने विचारले.

"पुरेल. हे तात्पुरतं लावलंय," प्रबोध म्हणाला.

मित्रांनो, तात्पुरते या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती वाटते. माणसे एकदा हा शब्द उच्चारतात आणि मग ती गोष्ट विसरून जातात.

मी कामाला लागलो. दिवस आणि रात्र यांतला फरक मला कळेनासा झाला. डोळ्यांसमोर काही नाही, फक्त आकडे. खोलीत खिडकी नव्हती. पोलादी दार सताड उघडे असे आणि उंबऱ्यापाशी एक उभा पंखा आमची गरम हवा बाहेर ढकलत असे. इतर कार्डांना सरावाने त्याचे काही वाटत नव्हते. मला मात्र सॉकेटापाशी सतत एक चटका जाणवत होता.

डिसेंबरच्या सुमारास उल्काची आई, जयवंतीबाई, सांगलीहून राहायला आल्या. त्यांनी सारी नोकरी टेलिफोन खात्यात केली होती. पहिल्याच दिवशी त्या आमच्या दारात आल्या आणि डोळे मिटून आमची घरघर ऐकत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "आमचं एक्स्चेंज असंच घुमायचं." मला त्या एकदम आवडल्या. इतक्या दिवसांत आमचा आवाज कोणाला तरी चांगला वाटला होता.

ते दिवस पावसाचे होते. खिडकीबाहेरच्या बांबूंवर घातलेले कपडे वाळायचे नावच घेत नव्हते. घरभर ओलसर वास येई. जयवंतीबाईंनी पाहिले, की घरातली एकच जागा कोरडी आणि ऊबदार आहे. त्यांनी कपड्यांचा घडीचा स्टँड आमच्या खोलीत, रॅकपासून दूर, पलीकडच्या भिंतीला टेकवून ठेवला. पाहता पाहता कपडे खडखडीत वाळले. प्रबोधची मुलगी चैताली प्राथमिक शाळेत होती. तिला ही मोठीच गंमत वाटली.

"आजी, धिस इज नॉट अ ड्रायर, लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि हसत सुटली.

प्रबोधला ते फारसे रुचले नव्हते. "आई, मशीनजवळ नको," असे तो एकदा म्हणालाही होता. पण मग त्याचेच ऑफिसचे शर्ट वाळेनात. एका सकाळी तो स्वतः दोन ओले शर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "आई, हे जरा आत टाकाल का?" त्यानंतर त्याची हरकत संपली. स्टँड रोज तिथेच असे. जयवंतीबाई तो कधी पुढे सरकवत नसत. एखादी बाही आमच्या बाजूला लोंबली, तरी त्या ती आत दुमडून ठेवत.

जानेवारीतल्या एका दुपारी प्रबोध आणि उल्का कामावर होते. चैताली शाळेतून येऊन जेवत होती. माझ्या सॉकेटापाशी नेहमीचा चटका होताच, पण त्या दिवशी तो थांबेना. आधी वास आला. मग जोडतुकड्याचे प्लास्टिक मऊ झाले, आतल्या तारा एकमेकींना चिकटल्या आणि माझ्या कडेला एक पिवळी जीभ उठली. मला वाटले, वीज आता आपोआप बंद होईल. ती झाली नाही. ज्वाळा तारेवरून फळीवर गेली. चपलांचा तो जुना, कोरडा रॅक पेटायला कितीसा वेळ लागणार? रॅकवरून आग स्टँडकडे गेली, आणि कपड्यांनी तिला मोठे केले.

मी हादरून गेलो होतो. मी आयुष्यात कितीदा तरी ज्वाळा रंगवल्या होत्या. ज्वाळा अशी असते, हे मला माहीत नव्हते.

"आजी! माय कॉस्च्यूम!"

चैताली धावत आली होती. शाळेतल्या कार्यक्रमाचा तिचा झगमगीत पोशाख त्याच स्टँडवर वाळत होता. ती सरळ आत शिरू पाहत होती. तिचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडलाही होता. मागून जयवंतीबाईंनी तिला दंडाला धरून मागे ओढले, इतक्या जोरात की ती जमिनीवर आपटली. दारातला पंखा त्यांनी पायाने दूर लोटला. मग दोन्ही तळवे त्या पोलादी दाराला लावून त्यांनी ते सगळ्या अंगाच्या जोराने ढकलले. दाराची कड तोवर तापली होती. उजव्या हाताचा तळवा त्या कडेवर पडला. त्यांनी हात काढला नाही. दार बंद झाले.

आम्ही आत राहिलो, अंधारात, धुरात. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. आपल्याला कोंडून टाकले, असे वाटले. पण दार बंद होताच आगीला हवा मिळेना. ती फुरफुरली, खाली बसली, आणि नुसती धुमसत राहिली.

पुढचे मी ऐकले ते दाराआडून. चैतालीने शेजारचे दार बडवले. शेजारच्या फातिमाह आंटींनी अग्निशमन दलाला फोन केला, दोघींना खाली नेले. जवान आले, त्यांनी दार सांभाळून उघडले, थोडे पाणी मारले. घरात दुसरे काहीही जळले नव्हते. त्यांच्या प्रमुखाने दोघींना वर बोलावून जयवंतीबाईंना इंग्रजीत विचारले, की हे दार कोणी लावले. आपले काही चुकले की काय, अशा भीतीने त्यांनी भाजलेला हात वर केला.

"गुड," तो म्हणाला. "व्हेरी गुड. यू सेव्ह्ड द होम."

तेवढ्यात प्रबोध धापा टाकत आला आणि त्याच्यामागून उल्का. प्रबोधने चैतालीला उराशी धरले. मग त्याने खोलीत डोकावले. रॅक कोळसा झाला होता, भिंती काळ्या होत्या, आणि समोर जळालेल्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. प्रमुखाने त्याला विचारले, आत काय काय होते?

"कॉम्प्युटर्स," प्रबोध म्हणाला. "अँड क्लोद्स. माय मदर-इन-लॉ ड्राइज क्लोद्स हिअर."

एवढेच बोलला तो. ते खोटेही नव्हते. पण त्याने ते ज्या तऱ्हेने म्हटले, त्यात सगळे आले होते. प्रमुख म्हणाला, यंत्रांजवळ कपडे वाळत घालणे बरे नव्हे. उल्काने आईकडे वळून पाहिले.

"आई, खरंच?"

"हो," जयवंतीबाई म्हणाल्या. "कपडे होते."

मित्रांनो, त्या दिवशी मला आगीने जेवढे हादरवले, त्याहून अधिक 'कपडे होते' या दोन शब्दांनी हादरवले. मला सगळे ठाऊक होते. आग माझ्या अंगावरून सुरू झाली होती. प्रबोधचे शर्टसुद्धा त्याच ढिगात होते. पण मला वाचा नव्हती, आणि ज्यांना वाचा होती, ते काही बोलले नाहीत.

नंतरचे दिवस फार शांत गेले. हाताला पट्टी बांधून जयवंतीबाई खिडकीपाशी बसून राहत. त्या कोणाला काही लावून बोलल्या नाहीत. त्यांनी उल्काला एवढेच सांगितले, की माझे परतीचे तिकीट अलीकडचे करून दे. उल्काने एकदा नको म्हटले आणि मग ती तिकिटाच्या खटपटीला लागली, कारण तिलाही मनातून वाटत होते, की आईने तिथे कपडे घालायला नको होते. एकटी चैताली जेवताना म्हणाली, "बट आजी क्लोज्ड द डोअर, व्हॉट. फायरमन सेड व्हेरी गुड." त्यावर प्रबोधने तिला गुपचूप जेव म्हणून सांगितले.

शनिवारी सकाळी तो खोलीत आला. कोणती कार्डे विकता येतील, ते त्याला पाहायचे होते. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि एकेक कार्ड सोडवू लागला. पाच कार्डे काजळली होती, पण त्यांची सॉकेटे धड होती. मग त्याने मला उचलले. जोडतुकडा ओढला. निघेना. पुन्हा ओढला. मी आणि तो एक झालो होतो. त्याने मला उजेडाकडे धरले, आणि वितळलेले प्लास्टिक कुठून सुरू होऊन कुठे गेले आहे, ते त्याच्या डोळ्यांनी हळूहळू वाचले. सगळ्यांत खोल जळालेली जागा माझ्यापाशी होती. स्टँड होता त्या भिंतीपाशी फक्त वरवरची काजळी होती.

मी त्याचा चेहरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्याने ती वितळलेली जागा अंगठ्याने पुन्हा पुन्हा चाचपली. मग त्याने एक मोठी काळी पिशवी घेतली, तिच्यात जळक्या फळ्यांचे तुकडे भरले, आणि त्यांच्यामध्ये मला खुपसले. वर कपड्यांची राख टाकली. इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये लिफ्टजवळ कचरा खाली टाकायचे झाकण असते. तिकडे तो निघाला होता. एकदा का मी त्यातून खाली गेलो असतो, की झाले असते. मग कोणालाच काही कळले नसते, आणि जयवंतीबाई आयुष्यभर आगीचे ओझे घेऊन सांगलीला परतल्या असत्या.

पिशवी जड होती. त्याने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. दाराशी आला, तर दार बंद.

"थांबा, प्रबोधराव," मागून आवाज आला. "तुमचे हात अडकलेत. मी उघडते."

जयवंतीबाई उठून आल्या. कुलूप जरा अडायचे, ते एका हाताने निघेना. म्हणून त्यांनी पट्टी बांधलेला हातही वर नेला, आणि दुखले तसे ओठ मिटून घेतले. दार उघडले. त्याला जाता यावे म्हणून त्या बाजूला झाल्या.

प्रबोध गेला नाही.

त्याने पिशवी खाली ठेवली. राखेत हात घालून मला बाहेर काढले.

"आई," तो म्हणाला, "आग कपड्यांनी लागली नाही. इथून लागली. ही पिन मी लावली होती. लावू नये, हे मला माहीत होतं."

आतून उल्का आली. तिच्या हातात आईची घडी केलेली साडी होती, ती बॅग भरत होती. तिने मला त्याच्या हातातून घेतले आणि ती वितळलेली पिन निरखून पाहिली. मग प्रबोधकडे पाहिले.

"तू त्या ऑफिसरला ते इंग्लिशमध्ये सांगितलंस," ती हळू आवाजात म्हणाली. "आईने जन्मभर इंग्लिशमध्ये ट्रंक कॉल लावलेत. तिला कळणार नाही असं वाटलं तुला?"

प्रबोधने मान खाली घातली. जयवंतीबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या जावयाकडेच पाहत होत्या.

"हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?" त्यांनी विचारले.

"नाही, आई. आज कळलं."

"ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या, "मग माझं नाव का सांगितलंत?"

मला तेव्हाच उमगले, की मी ज्याला त्या घरातले मोठे रहस्य समजत होतो, ते तेवढे मोठे नव्हते. आग कुठून लागली याचे त्या बाईंना फारसे काही वाटत नव्हते. काही ठाऊक नसताना तो आपल्याकडे बोट दाखवून मोकळा झाला, याने त्यांना भाजले होते.

त्याने माफी मागितली. त्यांनी ती नाकारली नाही आणि लगेच घेतलीही नाही. थोड्या वेळाने त्या उल्काला म्हणाल्या, "तिकीट राहू दे आधीचंच. हात बरा झाल्याशिवाय मी जात नाही. सांगलीत चारजण विचारतील, कसा भाजला. आणि मला खोटं सांगता येत नाही."

प्रबोधने त्या दिवशी अग्निशमन दलाला फोन करून खरे कारण सांगितले. ते त्याने सगळ्यांसमोर सांगितले, स्वच्छ इंग्रजीत. फोनवर बोलताना त्याने "माय मिस्टेक" म्हटले, तेव्हा चैतालीने आजीकडे पाहिले. आजी तांदूळ निवडत होत्या, डाव्या हाताने. त्या दिवशी त्यांनी जेवताना प्रबोधला भात वाढला. आगीनंतर पहिल्यांदाच.

बाकीच्या पाच कार्डांचे काय झाले म्हणाल, तर ती पडत्या किमतीला विकली गेली. नाण्यांचे भाव आदल्या वर्षी जसे चढले होते, तसेच कोसळले, आणि आमच्यामागे लागलेली माणसे दिसेनाशी झाली. मला विकण्यासारखे काही राहिलेच नव्हते. प्रबोधने मला पुसून या फळीवर ठेवले. उल्काने विचारले, कशाला? तो म्हणाला, असू दे.

काही महिन्यांनी दर्शन घरी आला. भाव पडलेत, कार्डे स्वस्त झालीत, आता आपण सुरू करावे, असे त्याच्या मनात होते. त्याला प्रबोधचा सल्ला हवा होता. कोणते कार्ड घेऊ, मदरबोर्ड कोणता, किती मेमरी पुरेल, असे त्याने एकामागून एक विचारले. पूर्वीचा प्रबोध असता, तर त्याने तासभर आकडे सांगितले असते. त्याने मला फळीवरून काढले आणि दर्शनच्या तळहातावर ठेवले. दर्शनने माझी जळकी कड पाहिली आणि त्याचा हात आपोआप मागे आला.

"ते सगळं सांगतो," प्रबोध म्हणाला. "आधी एक सांग. तुझ्या घरी दुपारी कोण असतं?"

मित्रांनो, मी खूप गणिते केली, पण यंत्र निवडताना सगळ्यात आधी हा प्रश्न विचारायचा असतो, हे मला कोणी शिकवले नव्हते. तुम्हीही मोठे व्हाल, हौसेने यंत्रे घ्याल, काटकसर कराल. जरूर करा. फक्त ज्या तारेतून वीज येते, तिथे काटकसर करू नका, आणि तात्पुरते जोडलेले आजच्या आज सोडवा. आम्हाला धूळ पुसणारा हात हवा, श्वास घ्यायला जागा हवी. एवढे सांभाळूनही कधी काही जळालेच, तर बोट दाखवायच्या आधी थांबा. माझ्यासारखे कार्ड बाजारात पुन्हा मिळते. उघड्या दाराशी बाजूला होऊन तुम्हाला वाट करून देणारे माणूस मिळत नाही.